बोजा : भाडेकरू एक (जुना)

त्या दिवशी घर बघायला आलेला तो तिसरा माणूस होता, आणि पहिल्या दोघांसारखंच त्यानंही घर बघितलं नाही. उंबऱ्यातच उभं राहून त्यानं एकदा छताकडे पाहिलं, एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे आणि एकदा रामेश्वर देवकतेकडे. छत आणि घड्याळ त्याला पसंत पडलेलं दिसलं.

"हे कोण?" त्यानं विचारलं.

"हे घरासोबत हायेत," पंडित म्हणाला.

पंडित हा एजंट. आधी तो बियाणं विकायचा. पण बियाणं विकलं की ते उगवण्याची जबाबदारी गळ्यात पडते. घराचं तसं नसतं. साल शहाण्णव होतं. दिल्लीत धोरण बदललं त्याला पाच वर्षं झाली होती; ते माजलगावला एस.टी.नं यायचं म्हणून जरा उशीर झाला, पण आलं ते थेट धान्याच्या मोंढ्यासमोरच्या हॉटेलात पंडितच्या टेबलावर येऊन बसलं. त्यातच कुणीतरी उठवलं की माजलगावचा जिल्हा होणार. दुसऱ्यानं त्याला रेल्वे जोडली. महिनाभरात अशी परिस्थिती झाली की गावात राहायला घर मिळेना आणि विकायला मात्र जिकडेतिकडे घरंच घरं.

तिसऱ्या माणसाच्या हातात एक कागद होता. रामेश्वर पाटबंधारे खात्याच्या कचेरीत अकरा वर्षं आवक-जावक सांभाळत होता, आणि समोरच्याच्या हातातला कागद उलटा वाचणं ही त्या टेबलाची एकमेव वरकमाई. त्यानं वाचलं. 'खोल्या : दोन. स्वयंपाकघर : एक. ओसरी : एक. नळ : एक (गळका). बोजा : भाडेकरू एक (जुना).'

गळक्या नळाच्या खाली आपण आहोत, हे त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला.

"पंडित, हे बोजा काय आहे?"

"काय न्हाई साहेब, कागदाची भाषा हाय. घराला जी काय आडकाठी असती, कर्ज, कज्जा, भाडेकरू, त्येला बोजा म्हनतेत. तुमी मनाला लावून घेऊ नका."

"आणि कंसात जुना?"

"जुना म्हंजे… अनुभवी."

आता ही भानगड थोडी उलगडून सांगायला हवी. घर वीरभद्र आप्पांचं. आप्पांचं भुसाराचं दुकान. माणूस देवभोळा, गळ्यात लिंग, तोंडात कायम बडीशेप. अकरा वर्षांत त्यांनी भाड्याची पावती कधी दिली नाही. "आपल्यात पावती कशाला, देवकते?" असं ते म्हणत, आणि रामेश्वरला त्यात जिव्हाळा वाटे. वर्षापूर्वी पंडितनं त्यांच्या हातावर इसार ठेवला. इसार म्हणजे घर घेतो असं बोलून आधी द्यायची थोडी रकम, आणि तिची एक पावती. पूर्वी इसार दिला की माणूस चार-सहा महिन्यांत उरलेले पैसे देऊन राहायला यायचा. आता राहायला कुणी येत नव्हतं. पावतीच विकली जात होती. पंडितकडून ती केजच्या एका डॉक्टरकडे गेली, तिथून धारूरला खतवाल्याकडे, तिथून नांदूरघाटला. घर जागच्या जागी होतं, पावती बीड जिल्हा बघून आली. प्रत्येक मुक्कामाला तिचा भाव वाढला आणि प्रत्येक वेळी पंडितनं येऊन भाडं वाढल्याचं सांगितलं. पावतीवर कर्ज द्यायला गावात 'संजीवन-समृद्धी' नावाची पतसंस्था होतीच. तिनंच या घराचा तो कागद, म्हणजे तक्ता, तयार केला होता. गिऱ्हाईक भिंत बघत नसे, तक्ता बघे.

"बोजा तर बोजा," त्याची बायको सुकन्या म्हणाली. ओसरीत तिचा शिवणक्लास चालू होता. चार मशिनी, नऊ मुली. "राहू देतेत ना? मंग काय लिहायचं ते लिहू द्या. मी बोचकं बांधून ह्या नऊ पोरी घेऊन कुठं जाऊ? सगळ्या गावाला माहीत हाय, ब्लाऊज टाकायचा तर देवकतेबाईच्या ओसरीवर."

तिचं म्हणणं व्यवहाराचं होतं. क्लासचे पैसे आणि त्याचा पगार यांत फार अंतर नव्हतं. जे होतं ते कुणाच्या बाजूनं होतं, हे रामेश्वर बोलून दाखवत नसे. ओसरी गेली की निम्मं घर गेलं. पण रामेश्वरचं दुःख निराळं होतं. नोंद झाली की ती माणसापेक्षा जास्त जगते, हे त्यानं अकरा वर्षं रोज पाहिलेलं. उद्या तो मरेल, पण त्या रजिस्टरात तो गळक्या नळाखाली बोजा म्हणून जिवंत राहील.

त्या आठवड्यात त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्यात पंडितनं आणखी एक ताप दिला. "साहेब, गिऱ्हाईक आलं की जरा गरीब दिसत जा. हा मानूस आज ना उद्या जाईल, असं त्येला वाटलं पायजे." तेवढं ठीक होतं, पण दुपारी आलेल्या गिऱ्हाइकानं पंडितची पाठ वळताच रामेश्वरच्या कानाला तोंड लावलं, "साहेब, जरा आवाज चढवा ना. मानूस हटेल हाय म्हणून मी भाव पाडतो. तुमचंबी बघू." आता विकणाऱ्यासाठी गरीब दिसायचं आणि घेणाऱ्यासाठी भांडखोर, तेही एकाच ओसरीत, एकाच वेळी. रामेश्वरनं दोन्ही बाजू सांभाळायचा प्रामाणिक प्रयत्न केला. हात जोडून, मान खाली घालून तो म्हणाला, "मी कोर्टात जाईन… तुमची हरकत नसेल तर."

दोघेही नाराज होऊन गेले.

शेजारी उत्तरेश्वर गुरुजी राहत. मराठी शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे सल्ला मागावा लागत नसे, फक्त भिंतीजवळून जावं लागे.

"अर्ज करा," गुरुजी म्हणाले. "बोजा हा शब्द निर्जीवाला. गोणी, मोळी, पेंड. माणसाला भार म्हणतात. भार म्हटलं असतं तर मी हरकत घेतली नसती."

"गुरुजी, मला भारही व्हायचं नाही."

"मग आश्रित?"

"भाडं देतो मी. तीनदा वाढवलेलं."

"निवासी कसं वाटतं?"

रामेश्वरनं मनातल्या मनात म्हणून पाहिलं. निवासी. शब्दाला भारदस्तपणा होता.

"पण निवासी म्हटलं की लोकांना निवासी नायब तहसीलदार वाटतो," गुरुजींनी शंका काढली.

त्याच क्षणी रामेश्वरनं तो शब्द पक्का केला.

अर्ज त्यानं स्वतः लिहिला, खाली कार्बन घालून, दोन प्रतींत. 'महोदय, मी सदर घरात गेली अकरा वर्षे भाड्याने राहत असून नियमित भाडे भरत आहे. तरी मला बोजा संबोधणे अन्यायाचे व माझ्या पदास न शोभणारे असल्याने सदर शब्द वगळावा.' पदास हा शब्द त्यानं दोनदा गिरवून ठळक केला.

पतसंस्थेचा मॅनेजर तरुण होता, टेबलावर काच होती आणि काचेखाली सगळे देव. त्यानं अर्ज वाचला. "वगळू की. मालकाचं ना-हरकत आणा."

"मालक कोण?"

"ते तुम्हाला माहीत पाहिजे. राहता तुम्ही."

रामेश्वर आप्पांच्या दुकानी गेला. आप्पा तुरीच्या पोत्याला टेकून बसले होते. अर्ज त्यांनी दूर धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"देवकते, मी सही करतो हो. पर मी मालक हाय का न्हाई, हे आजकाल मलाबी पंडितला इचारावं लागतंय."

"आप्पा, घर तुमचं आहे."

"नाव माझं हाय. गेल्या म्हैन्यात तुमी नळाचं सांगायला आलतात, आठवतंय? मला वाटलं, आता नळ आपण कावून दुरुस्त करावा? केजच्या डॉक्टरनं करावा. डॉक्टरला वाटलं धारूरवाल्यानं करावा." आप्पांनी बडीशेप चावली. "पावती ज्याच्या हातात त्यो मालक. आता नांदूरघाटचे बसवेश्वर शेटे हायेत म्हनतेत. कापडवाले. मानूस चांगला हाय, आमच्यातलाच हाय."

रामेश्वरनं एक दिवसाची किरकोळ रजा टाकली. रजेचं कारण 'घरगुती' लिहिलं. साहेबांनी विचारलं, घरात काय झालं? तो म्हणाला, घरालाच झालंय. साहेबांनी सही केली, पण दिवसभर ते त्याच्याकडे काळजीनं पाहत राहिले.

माजलगावहून केज, केजहून दुसरी गाडी. नांदूरघाटला उतरला तेव्हा त्याच्या सदऱ्याला पुढच्या बाकावरच्या माणसाचं तेल आणि मागच्या बाकावरच्या माणसाची शेंगदाण्याची टरफलं लागली होती. शेट्यांचं दुकान बाजारातच सापडलं. शेटे गोरेपान, गुबगुबीत, बोलायला मऊ. ताग्याला हात फिरवावा तसे माणसाशी बोलत.

"देवकते साहेब! माजलगावचं घर! बसा, बसा. च्या घेता का भजी? दोन्ही आणा रे." मग कौतुकानं म्हणाले, "दोन मजली हाय ना?"

"नाही. एकच आहे."

"असू दे. बोर हाय म्हनलाता पंडित."

"बोर नाही. नळ आहे."

"असू दे, असू दे," शेटे म्हणाले. खरं सांगायचं तर आपलं घर कसं आहे हे ऐकताना इतका अलिप्त माणूस रामेश्वरनं पाहिला नव्हता. त्याला तो एकदम संत वाटला. "मला घर न्हाई पायजे साहेब. मला पावती पायजे. बोला, काय काम काढलं?"

रामेश्वरनं अर्ज पुढे केला. शेट्यांनी तो एकदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना त्यांचे डोळे भरून आल्यासारखे चमकले.

"म्हंजे तक्त्यावरनं तुमचं नाव काढायचं? आन हे तुमी सोता लिहून द्यायलेत? सोताच्या अक्षरात?"

"बोजा म्हणणं बरोबर नाही, शेटजी."

"अजाबात बरोबर न्हाई! लई वाईट शब्द हाय!" शेट्यांनी दोन्ही प्रतींच्या खाली 'वरील भाडेकरूस बोजा म्हणू नये, यास माझी हरकत नाही' असं लिहून झोकदार सही केली. निघताना त्याच्या हातात एक शर्टपीस कोंबलं. आकाशी, बारीक रेघांचं. "नको नको," रामेश्वर म्हणाला, पण त्या नको-नकोत फार जोर नव्हता.

परतीच्या गाडीत त्याला वाटलं, जगात अजून माणुसकी आहे. तिच्यापर्यंत फक्त केजहून गाडी बदलून जावं लागतं.

पतसंस्थेत अर्ज दिला, आपल्या कार्बन प्रतीवर आवकचा शिक्का मारून घेतला. ही खोड हाडातली. आठ दिवसांत तक्ता बदलला. नवा तक्ता मॅनेजरनं त्याला वाचून दाखवला. 'बोजा : निरंक.'

"आणि निवासी?" रामेश्वरनं विचारलं.

"निवासीचा रकाना नाही."

"पण मग…"

"बोजा काढा म्हणालात, काढला."

रामेश्वरनं पावशेर पेढे घेतले. घरी येऊन तक्त्याची नक्कल सुकन्यापुढे धरली. तिनं सुई ओठांत धरून ती वरपासून खालपर्यंत वाचली. खोल्या दोन. स्वयंपाकघर एक. ओसरी एक. नळ एक. मग सुई काढून विचारलं, "अहो, ह्याच्यात आपण कुठं हावोत?"

रामेश्वर पेढा तोंडाशी नेऊन थांबला.

"जुन्या कागदावर बोजा म्हणून का हुईना, पण एकाची जागा होती," ती म्हणाली. "भाड्याची पावती आप्पानं दिली न्हाई. रेशनकार्ड तुमी गावाकडचं ठेवलंत, साखर जास्त मिळती म्हणून. आता आपण इथं ऱ्हातो, असं कुठल्या कागदावर हाय?"

रामेश्वरनं पेढा पुड्यात परत ठेवला. तेवढ्यात दारात पंडित उभा. हातात नारळ आणि हार.

"साहेब, तुमी देवमानूस!" त्यानं हार थेट रामेश्वरच्या गळ्यात घातला. "घर मोकळं! बोजारहित! काल सांजच्याला शेट्यांच्या पावतीला साठ हजार जास्तीचे लागले. शेटजी म्हनले, देवकते साहेबाला नारळ द्या." मग आवाज जरा खाली आणून, "आता आठ दिवसांत खाली करा. घेनाऱ्याला मोकळं दाखवायचं हाय."

"पंडित, मी इथं राहतो!"

"कागदावर न्हाई साहेब. आन तुमच्याच अर्जानं न्हाई." पंडितच्या आवाजात कुचेष्टा नव्हती, उलट आदर होता. असा भाडेकरू त्यानं आजवर पाहिला नव्हता.

ओसरीतल्या चारही मशिनी थांबल्या होत्या. नऊ मुली, गळ्यात झेंडूचा हार घातलेल्या एका माणसाकडे बघत होत्या, जो तिथं राहत नव्हता.

पुढचे दोन दिवस रामेश्वर बसला नाही. कचेरीत उभा, घरात उभा, जेवतानाही एक पाय उंबऱ्याबाहेर. गावात खोल्या बघितल्या. जी मिळे तिला ओसरी नसे, ओसरी असे तिथं 'क्लास चालणार नाही' म्हणत, आणि भाडं ऐकून तो दोनदा विचारे, हे विकत घ्यायचं सांगताय का? आवकची चार पत्रं त्यानं जावकात चढवली. गुरुजींनी भिंतीवरून विचारलं, "निघाला का शब्द?" तो म्हणाला, "निघाला. आम्हीही निघालो."

तिसऱ्या दिवशी त्याचे वडील हरिबा आले. धारूरकडच्या डोंगरातले, धरणाच्या कडेला पाणी ओसरलेल्या गाळपेराच्या रानात मेंढरं बसवायला आले होते, कळप भावाच्या ताब्यात देऊन लेकाला बघायला म्हणून गावात शिरले. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. सुनेनं सगळं सांगितलं. हरिबांनी शांतपणे ऐकलं.

"रामेसर," ते म्हणाले, "आमी बारा म्हैने हिंडतो. ज्येच्या रानात मेंढरं बसवू, त्यो खतासाठी वर पायली-दोन पायली ज्वारी देतो. तू अकरा वर्सं एका जागी बसला, तर वर भाडं देतूस. आन आता म्हनतेत घरच हिंडायलंय?"

"घर नाही दादा, पावती हिंडते."

"मंग पावतीला खाली करायला सांग की."

हे रामेश्वरला कायद्यानं पटलं नाही, पण मनाला फार पटलं. सुकन्या उठली. "चला. शब्द काढून आलात, आता घालून या. मीबी येते."

पतसंस्थेत मॅनेजरनं दुसरा अर्ज वाचला. हा फार छोटा होता. 'महोदय, मला पूर्ववत बोजा करण्यात यावे.'

"दहा-बारा दिवसांपूर्वी बोजा नव्हता म्हणालात."

"चूक झाली. मी आहे."

"पुरावा?"

रामेश्वरनं उत्तरेश्वर गुरुजींचा दाखला पुढे ठेवला. गुरुजींनी तो अतिशय आनंदानं आणि वळणदार अक्षरात लिहून दिला होता. 'प्रमाणित करण्यात येते की, श्री. रामेश्वर हरिबा देवकते हे मी ओळखत असल्यापासून सातत्याने बोजा आहेत.'

"मीबी सही करते," सुकन्या म्हणाली. "माझा अनुभव गुरुजीपेक्षा जास्तीचा हाय."

"शेजाऱ्याचं, बायकोचं चालत नाही," मॅनेजर म्हणाला. "तुम्ही त्या घरात राहता, असा तारखेचा, शिक्क्याचा कागद पाहिजे. आणि पावतीवाल्यानं ते मान्य केलेलं पाहिजे. तसा कागद जगात असेल तर आणा."

दोघं पायरीवर येऊन उभी राहिली. वरून ऊन, खालून धूळ. आणि त्या धुळीत रामेश्वरला एकदम दिसला: तसा कागद जगात होता! त्याचा स्वतःचा पहिला अर्ज. 'अकरा वर्षे भाड्याने राहत असून.' खाली शेट्यांच्या अक्षरात 'वरील भाडेकरूस'. भाडेकरूस! शेट्यांनीच लिहिलेलं! वर पतसंस्थेचा शिक्का, तारखेसकट. मूळ प्रत पतसंस्थेच्या फायलीत गेली होती, ती आता कुणी बाहेर काढणार नव्हतं; पण दुसरी त्याच्याकडे होती.

"कार्बन कॉपी!" तो ओरडला. "कपाटावर ठेवलीय मी!"

सुकन्याचा चेहरा पडला. "कपाटावरचे कागद? अहो, ते मी क्लासला दिले. कटिंगला."

आवक-जावकच्या आयुष्यात कागद गहाळ होतात, उंदीर खातात, वरिष्ठ नेतात. पण अर्जाचं झबलं झाल्याचं उदाहरण रामेश्वरला माहीत नव्हतं. घरी येऊन शोध सुरू झाला. पाठ सापडली, तिच्यावर 'अन्यायाचे व माझ्या पदास' एवढं होतं. पुढा सापडला; 'अकरा वर्षे भाड्याने' बरोबर गळ्याखाली, आणि शिक्का काखेत. एक बाही टेबलाखाली मिळाली, कोरी. दुसरी बाही, जिच्यावर शेट्यांचं लिहिणं आणि सही होती, ती एका मुलीनं घरी नेली होती. रामेश्वर सायकल घेऊन गावाच्या दुसऱ्या टोकाला गेला. मुलीच्या आईनं दार उघडलं.

"तुमच्याकडं माझी बाही आहे," तो धापा टाकत म्हणाला.

बाईनं दार लावून घेतलं. बराच खुलासा केल्यावर फटीतून बाही बाहेर आली. ती फुलाफुलाच्या कापडाला पांढऱ्या दोऱ्यानं टाचलेली होती, आणि बाई म्हणाली, कापडासकट न्या पण जा.

सुकन्यानं चारही तुकडे मशिनीवर धरून टीप मारली. हरिबा बाजूला बसून बघत होते. "लई बारीक पोरगं आसंल," ते म्हणाले.

मॅनेजरनं तो दस्त दोन्ही हातांनी उचलून उजेडापुढे धरला. "हा अर्ज आहे का झबलं?"

"दोन्ही," रामेश्वर म्हणाला. "शिक्का काखेत आहे. तुमचाच."

मॅनेजरनं काखेत वाकून पाहिलं. शिक्का त्याचाच होता. बाहीवर 'वरील भाडेकरूस' वाचलं. त्याला घाम आला, कारण त्या दोन वाक्यांमधून निसटायला टिपेच्या दोऱ्याइतकीच जागा होती, आणि मोकळं घर म्हणून त्यावर नवं कर्ज कालच मंजूर झालं होतं. तो म्हणाला, वरून विचारावं लागेल, चेअरमन नाहीत, पुढच्या सभेत घेऊ.

"बरं," सुकन्या शांतपणे म्हणाली आणि पिशवीतून दहा पुस्तकं काढली. "ही माझी पिग्मी. रोज दहा रुपये, चार वर्सं. ह्या माझ्या नऊ पोरींच्या. सगळ्या आज मोडून द्या. कर्ज कुठनं देता तुमी? ह्येच्यातनंच ना? म्हंजे माझ्याच दहा रुपयानं मला घराबाहेर काढायलेत. ते मला घरी ठिवता येत्येत, डब्यात."

दहा पिग्मी एका वेळी मोडल्याची बातमी दुपारपर्यंत मोंढ्यात जाते आणि संध्याकाळी दारात रांग लागते, हे मॅनेजरला पतसंस्थेच्या कुठल्याही शिक्षणवर्गात शिकवलं नव्हतं. त्याला ते उपजत माहीत होतं. त्यानं तक्ता ओढला, पेन उघडलं. "काय लिहू?"

"बोजा," रामेश्वर म्हणाला. "भाडेकरू एक."

"कंसात जुना," सुकन्या म्हणाली.

"जुना, सहकुटुंब," रामेश्वरनं दुरुस्ती केली. आणि त्याच्या डोळ्यादेखत ती नोंद झाली. मग तो हळूच म्हणाला, "शक्य असेल तर खाली लाल रेघ मारा."

त्या साठ हजारांचं काय झालं ते पंडितच्या टेबलावर कळलं. व्यवहार मोडला, आणि दोन दिवस तिथं चहाचे पैसे कुणी द्यायचे यावरून भांडण चालू होतं. नांदूरघाटहून शेट्यांचा निरोप आला. शर्टपीस परत मागितलं होतं. पण ते सुकन्यानं शिवून टाकलं होतं आणि रामेश्वरनं अंगात घातलं होतं. आप्पा मात्र एका सकाळी चालत आले, ओसरीत टेकले, आणि पहिल्यांदाच भाड्याची पावती फाडून दिली. "आपल्यातबी आसावी," एवढंच म्हणाले.

पुढच्या आठवड्यात पंडित नवं गिऱ्हाईक घेऊन आला. परभणीचा माणूस, गळ्यात साखळी, खिशाला दोन पेनं. त्यानं तक्ता वाचला. मग, गेल्या वर्षभरात कुणी केलं नव्हतं ते केलं: चप्पल काढून आत आला, ओसरीत बसला आणि रामेश्वरकडे नीट निरखून पाहिलं.

"बोज्यासकट घेतलं तर स्वस्तात पडतंय," तो पंडितला म्हणाला. "पण किती दिवस थांबावं लागंल, त्याच्यावर हिशोब हाय." मग रामेश्वरकडे वळून, अगदी आपुलकीनं, "साहेब, वय काय आपलं?"

"त्रेचाळीस."

"तब्येत कशी राहती? बीपी? शुगर?"

आजवर इतक्या मनापासून रामेश्वरची तब्येत कुणी विचारली नव्हती. सख्ख्या मेव्हण्यानंही नाही. "ठणठणीत आहे," तो म्हणाला.

"तंबाखू तर असंलच," गिऱ्हाईक आशेनं म्हणालं.

"सोडली. सात वर्षं झाली."

गिऱ्हाइकानं पंडितकडे असं पाहिलं, जणू त्याला दाखवला एक माल आणि दिला दुसराच. मग त्याची नजर कोपऱ्यात घोंगडं टाकून बसलेल्या हरिबांवर गेली. "हे?"

"माझे वडील."

"बाबा, वय किती झालं?"

"मेंढरं मोजली बाबा, वय कुठं मोजलं," हरिबा म्हणाले. "ऐंशीच्या वर आसंल. परवा धारूरचा घाट चढून आलतो."

"आन… तुमचे वडील?"

"त्यो शंभरीला टेकलाता," हरिबांनी काठीवर हनुवटी ठेवली. "तरीबी गेला नसता. बैलानं मारलं."

गिऱ्हाइकानं पेन बंद करून खिशाला लावलं. पंडित रामेश्वरच्या कानाशी कळवळला, "साहेब, भाव पडायलाय! जरा खोका तरी!"

खरं तर सकाळपासून रामेश्वरचा घसा भयंकर खवखवत होता. त्यानं ओठ घट्ट मिटले. श्वास धरला. डोळ्यांत पाणी आलं, मान लाल झाली, आकाशी शर्टाची गुंडी तुटते की काय असं वाटलं. पण गिऱ्हाईक चप्पल घालेपर्यंत, पायऱ्या उतरेपर्यंत, त्याची जीप कोपऱ्यावर वळेपर्यंत तो उभा राहिला, हसतमुख, आरोग्याचा पुतळा.

मग आत जाऊन, दार लावून, तो मनसोक्त खोकला.